जलहक्क-निवाड्याचा खर्च (आयडाहो, अमेरिका)

अमेरिकेच्या पश्चिमेकडील राज्यांत संपूर्ण नदीखोऱ्यातील पाण्याचे हक्क न्यायालय एकाच व्यापक दाव्यात निश्चित करते. दावे नोंदवणे, जागेवर तपासणी व सुनावणी यांचा खर्च प्रचंड असतो. तो कोणी सोसावा, हा प्रश्न आयडाहोतील स्नेक नदीच्या खोऱ्यात ऐरणीवर आला. 1987 साली सुरू झालेल्या या निवाड्यासाठी राज्याने दावेदारांवर शुल्क बसवले. लहान शेतकऱ्यालाही ते चुकले नाही. हजारो हक्क मागणाऱ्या केंद्र सरकारने मात्र नकार दिला. त्याचे शुल्क 1 कोटी डॉलरांहून अधिक होण्याचा अंदाज होता. 1952 च्या मॅकॅरन दुरुस्तीमुळे केंद्राला अशा दाव्यांत राज्य न्यायालयापुढे पक्षकार करता येते. पण शुल्कवसुलीला त्या कायद्यात स्पष्ट संमती नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये ‘युनायटेड स्टेट्स विरुद्ध आयडाहो’ खटल्यात ठरवले. निर्णय कायद्याच्या शब्दांना धरून असला, तरी न्याय्य म्हणता येत नाही : मोठ्या दावेदाराला सूट मिळाली आणि त्याचा भार राज्याच्या तिजोरीवर, म्हणजे आयडाहोच्या करदात्यांवर पडला. दीड लाखांहून अधिक हक्क ठरवणारा अंतिम हुकूमनामा 2014 मध्ये निघाला.