शाळेच्या समितीवर आपला माणूस



शाळेच्या समितीवर निवड होणे म्हणजे स्नेहसंमेलनात पहिल्या रांगेतील खुर्ची मिळणे, असा समज आपल्या रत्नागिरीत बराच रुजलेला आहे. या जागेचा इतिहास मात्र निराळे सांगतो. त्या इतिहासाच्या आरंभीच एक कोकणी मुसलमान हजर आहे, हे आपणांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

सरकारने १८४० साली मुंबई इलाख्यासाठी ‘बोर्ड ऑफ एज्युकेशन’ नेमले. मुंबईच्या आणि दूरच्या जिल्ह्यांतील सरकारी शाळांचा कारभार या मंडळाकडे आला. त्यावर एतद्देशीय सभासद तीनच. नाना शंकरशेट आणि पारशी समाजातील पुढारी यांची नावे आपण पाठ्यपुस्तकांत वाचतो. तिसरे नाव महंमद इब्राहिम मकबा. हे विद्वान मुनशी. हिंदुस्तानी भाषेचे व्याकरण त्यांनी १८२३ मध्येच सिद्ध केले होते.

मंडळाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी हे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश. शिक्षणाचा पैसा प्रामुख्याने इंग्रजीवर खर्च व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. मुलांना ज्ञान त्यांच्या स्वतःच्या भाषेतून मिळावे, ही बाजू कर्नल जॉर्ज जर्व्हिस यांनी धरली. १८४७ च्या सुमारास हा वाद शिगेला पोहोचला, तेव्हा नाना शंकरशेट, फ्रामजी कावसजी व मकबा हे तिघेही जर्व्हिस यांच्या बाजूने उभे राहिले. वाचकहो, क्षणभर विचार करा. समोर अध्यक्ष, तोही गोरा न्यायाधीश. मकबांची विद्वत्ता हिंदुस्तानीतील. मराठी, गुजराती, कानडी शाळांचे काय व्हायचे ते होवो, असे म्हणून ते गप्प बसू शकले असते. त्यांनी मत दिले. पुढे खालचे शिक्षण देशी भाषांत व वरचे इंग्रजीत अशी वाटणी झाली, तेव्हा पूर्ण विजय कोणाचाच झाला नाही. परंतु अध्यक्षांच्या मताविरुद्ध नोंदविलेले मतही दप्तरात राहते, आणि माझ्या मते सभासदाचे निम्मे काम तेच.

१८५५ मध्ये मंडळ जाऊन शिक्षणखाते आले. १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळा स्थानिक संस्थांच्या शाळा मंडळांकडे गेल्या. हा सारा काळ पालक बाहेरच होता. त्याला हक्काने आत घेतले ते १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सभासद पालक, आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. मिळालेले अनुदान कसे खर्च झाले हे पाहणे आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे, ही तिची कामे. यासाठी मानधन नाही. घरचा कर्ता पुरुष आखातात किंवा जहाजावर असलेल्या आपल्या गावांत हे काम आयांवर येते. जिल्हा परिषदेच्या उर्दू किंवा मराठी शाळेत आपले मूल असेल, तर हिशेबाचे कागद मागण्याचा अधिकार अशा आईला आहे. सही करण्यापूर्वी ठराव वाचून दाखवा, एवढे तरी तिने जरूर म्हणावे.

आता आपल्याच घरातील एक अवघड गोष्ट. अल्पसंख्याकांच्या शाळांतील ही समिती केवळ सल्लागार असेल, असे २०१२ च्या दुरुस्तीने ठरले. ६ मे २०१४ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने हा कायदाच अशा शाळांना लागू नसल्याचा निकाल दिला. (सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी या निकालाविषयी शंका व्यक्त करून तो प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्यास सांगितले.) संस्था आपली आपण चालविण्याचा हक्क राज्यघटनेच्या ३० व्या कलमाने दिला आहे आणि तो मोलाचा आहे, यात वाद नाही. पण परिणाम पाहा. सरकारी शाळेतील गरीब पालकाला जे विचारता येते, ते आपल्या समाजाच्या शाळेतील पालकाला कायद्याने विचारता येईलच असे नाही. तेथे दार आतूनच उघडावे लागते.

ते उघडण्यास विश्वस्तांना कोणताही कायदा मनाई करीत नाही. वार्षिक सभेत हिशेब मांडताना दोन पालकांना, त्यांतील एका आईला, कार्यकारी मंडळाच्या टेबलाशी बसविता येईल; आणि त्यांचे मत विरुद्ध पडले, तर तेही इतिवृत्तात लिहून घेता येईल.