पायथन-फिटबिट

पायथन-फिटबिट : फिटबिटच्या मनगटी बँडनी आणि घड्याळांनी जमवलेली पावले, हृदयाचे ठोके, झोप, वजन वगैरे माहिती पायथन भाषेतल्या प्रोग्राममध्ये आणून देणारी मुक्तस्रोत लायब्ररी. अमेरिकेतल्या ऑर्कास या संस्थेने ती सांभाळली. अपाची २.० परवान्याखाली ती कोणालाही वापरता येते. पायथनच्या पॅकेज-भांडारात तिचे नाव नुसते ‘फिटबिट’ असल्यामुळे ती कंपनीनेच काढली असावी असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात ती बाहेरच्यांनी लिहिलेली आहे. तिची ०.३.१ ही आवृत्ती २०१९ मधली. त्यानंतर फिटबिटच्या सर्व्हरने देऊ केलेल्या बऱ्याच गोष्टी तिच्यात आलेल्या नाहीत, तरीही स्वतःचे आकडे स्वतः काढू पाहणारे विद्यार्थी आणि हौशी मंडळी आजही तिच्यापासूनच सुरुवात करताना दिसतात.

फिटबिट ही कंपनी जेम्स पार्क आणि एरिक फ्रीडमन यांनी २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे स्थापन केली. तिचे पहिले उपकरण २००९ मध्ये बाजारात आले. ते कपड्याला अडकवायचे असे आणि मुख्यतः पावले व झोप मोजत असे. मनगटावरून ठोके मोजण्याची सोय काही वर्षांनी आली. गूगलने ही कंपनी सुमारे २.१ अब्ज डॉलरला घेण्याचे नोव्हेंबर २०१९ मध्ये जाहीर केले आणि जानेवारी २०२१ मध्ये व्यवहार पुरा झाला.

माहितीचा मार्ग : ही लायब्ररी बँडशी कधीच बोलत नाही. बँडमधला त्वरणमापक हाताची हालचाल टिपतो. हिरवा दिवा त्वचेवर प्रकाश टाकतो, रक्ताच्या प्रत्येक लाटेबरोबर परतणारा प्रकाश कमीजास्त होतो आणि त्यावरून ठोक्यांचा अंदाज बांधला जातो. हे हिशेब ब्लूटूथने फोनवर, फोनवरून फिटबिटच्या सर्व्हरवर जातात. लायब्ररी तिथून पुढे कामाला लागते : ती सर्व्हरच्या वेब एपीआयला, म्हणजे प्रोग्रामांसाठी ठेवलेल्या खिडकीला, विनंती करते आणि आलेले जेसन स्वरूपातले उत्तर पायथनच्या डिक्शनरीत बदलून हातात ठेवते. प्रकाशाचा मूळ संकेत किंवा त्वरणमापकाचे कच्चे आकडे या खिडकीतून मिळत नाहीत. मिळते ते कंपनीच्या सूत्रांतून गाळून आलेले. हे ध्यानात ठेवले नाही तर पुढचे सगळे विश्लेषण कितीही काटेकोर केले तरी पाया चुकतो. सकाळी फिरून आल्यावर फोन सिंक झाला नसेल तर सर्व्हरला ते फिरणे ठाऊकच नसते. बँड मिनिटामिनिटाचा तपशील साधारण आठवडाभर आणि रोजच्या बेरजा महिनाभर धरून ठेवतो. सिंक त्याहून लांबले की जुना तपशील गेलाच.

परवानगी : खिडकी उघडण्यासाठी आधी फिटबिटच्या विकासक-पृष्ठावर ॲपची नोंद करून ओळख-क्रमांक आणि गुप्त कळ घ्यावी लागते. नोंदवताना ॲपचा प्रकार विचारतात आणि इथे ‘वैयक्तिक’ निवडणे फार महत्त्वाचे ठरते. मिनिटाच्या किंवा त्याहून बारीक अंतराची माहिती वैयक्तिक ॲपला, म्हणजे स्वतःच्याच खात्यापुरती, आपोआप मिळते. दुसऱ्यांची तशी माहिती हवी असेल तर कंपनीकडे वेगळा अर्ज करावा लागतो आणि तिला पटले तरच ती मिळते.

पुढची पायरी ओऑथ २.० या पद्धतीची. वापरणारा फिटबिटच्या पृष्ठावर लॉगिन करून पावले, ठोके, झोप, वजन, आहार, ठिकाण यांपैकी काय दाखवायचे त्यावर खूण करतो. प्रोग्रामला पासवर्ड कळत नाही, त्याऐवजी दोन टोकन मिळतात. लायब्ररीसोबत यासाठी एक छोटी स्क्रिप्टही येते. ती आपल्याच संगणकावर तात्पुरता सर्व्हर उभा करून टोकन झेलते. पहिले टोकन माहिती मागण्यासाठी असते आणि सहसा आठ तास चालते. दुसरे त्याचे नूतनीकरण करते. नवख्यांची सर्वाधिक फजिती या दुसऱ्या टोकनापाशी होते. ते एकदाच वापरता येते. नूतनीकरण झाले की सर्व्हर दोन्ही नवी टोकन देतो आणि जुनी रद्दबातल होतात. लायब्ररी हे नूतनीकरण गुपचूप करून टाकते, पण नवे टोकन फाइलमध्ये लिहून ठेवण्याची जबाबदारी तिने आपल्यावर टाकली आहे. त्यासाठी एक फंक्शन लिहून तिला द्यायचे असते. ते दिले नाही तर पहिल्या दिवशी सगळे सुरळीत चालते. प्रोग्राम बंद होताच नवे टोकन स्मृतीबरोबर पुसले जाते आणि दुसऱ्या दिवशी फाइलमधले जुने टोकन सर्व्हर नाकारतो. मग पुन्हा ब्राउझर, पुन्हा लॉगिन. लायब्ररीच्या कर्त्यांनी हे फंक्शन ऐच्छिक ठेवले नसते तर बरे झाले असते.

आकड्यांचा स्वभाव : एका दिवसाची पावले मागवली तर तारीख आणि संख्या अशी जोडी येते. मात्र ही संख्या अवतरणात, मजकूर म्हणून येते. बेरीज करण्याआधी तिचे अंकात रूपांतर करावे लागते. ठोक्यांच्या उत्तरात दिवसाचा विश्रांतीतला दर आणि चार पट्टे असतात : पट्ट्याबाहेरचा, चरबी जाळणारा, कार्डिओ आणि शिखर. पट्ट्यांच्या सीमा माणसाच्या वयावरून काढलेल्या अंदाजाने ठरतात. त्या कोणी प्रयोगशाळेत तपासून ठरवलेल्या नसतात.

बँड न घातलेल्या दिवशी काय होते हे समजून घेणे अगत्याचे आहे. पावलांच्या रकान्यात त्या दिवशी शून्य येते. विश्रांतीतल्या दराचा रकाना मात्र उत्तरातून गायबच होतो आणि तो गृहीत धरून लिहिलेला प्रोग्राम तिथे कोसळतो. कोसळणे परवडले, कारण चूक निदान दिसते. शून्य पावले मुकाट्याने सरासरीत मिसळतात आणि आठवडाभर बँड चार्ज न करणारा माणूस आळशी ठरतो. कॅलरींचेही असेच. दिवसाच्या एकूण कॅलरींत शरीर नुसते चालू ठेवायला लागणारी ऊर्जाही धरलेली असते, त्यामुळे अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या नावावरही हजाराच्या पुढचा आकडा दिसतो. फक्त हालचालीच्या कॅलरी वेगळ्या मागाव्या लागतात. ॲपमध्ये हाताने भरलेला व्यायामही नेहमीच्या बेरजेत येतो. तो वगळून केवळ उपकरणाने मोजलेले हवे असेल तर ‘ट्रॅकर’ नावाचा निराळा मार्ग आहे.

एककांची गोष्ट भारतातल्या वाचकाने विशेष लक्षात घ्यावी. लायब्ररीत काही न सांगितल्यास अमेरिकी पद्धत गृहीत धरली जाते : वजन पौंडात, अंतर मैलात. उत्तरात एकक लिहिलेले नसते. सत्तर किलोच्या माणसाला आपले वजन १५४ दिसते तेव्हा चूक लगेच ध्यानात येते. पाच किलोमीटरचे ३.१ मात्र सहज खपून जातात. जोडणी करतानाच मेट्रिक पद्धत मागणे हा त्यावर उपाय. वेळेचेही तसेच. ठोक्यांच्या नोंदीवर तास-मिनिटे-सेकंद असतात, पण ती कोणत्या कालविभागातली हे लिहिलेले नसते. ती वापरणाऱ्याच्या स्थानिक घड्याळाची असतात. पुण्याहून न्यू जर्सीला लेकीकडे गेलेल्या आजोबांच्या त्या दिवसाच्या नोंदी एकापुढे एक लावल्या तर काही तास गहाळ झाल्यासारखे किंवा दोनदा आल्यासारखे दिसू शकतात. प्रवासाच्या तारखा वेगळ्या टिपून ठेवण्यावाचून त्याला इलाज नाही.

बारीक नोंदी आणि मर्यादा : ठोक्यांसाठी ‘एक सेकंद’ हे अंतर मागता येते, पण दर सेकंदाला एक नोंद येत नाही. उपकरण आणि प्रसंग यांप्रमाणे नोंदी काही सेकंदांच्या उड्या घेत येतात, आणि बँड सैल असला तर मोठी भगदाडेही पडतात. म्हणून दोन नोंदींतले अंतर सारखे आहे असे मानून काढलेली सरासरी फसवी असते. या सेकंदी आकड्यांवरून दोन ठोक्यांमधल्या अंतराचे चढउतार काढण्याचा मोह अनेकांना होतो. ते होत नाही, कारण आलेला आकडा प्रतिमिनिट दर असतो, एकेका ठोक्याची वेळ नसते.

एका वापरणाऱ्यामागे तासाला १५० विनंत्या चालतात. मर्यादा ओलांडली की ४२९ हा कोड येतो, आणि किती सेकंदांनी परत यायचे हेही सर्व्हर सांगतो. लायब्ररी ते सेकंद आपल्या एररमध्ये ठेवते, पण थांबण्याचे काम प्रोग्रामनेच करायचे. सेकंदी ठोके एका विनंतीत एकाच दिवसाचे मिळतात. तेव्हा वर्षभराच्या ठोक्यांना ३६५ विनंत्या लागतात आणि तीन तासांचा कोटा खर्ची पडतो. रोजच्या बेरजा मात्र एका विनंतीत वर्षभराच्या येतात. नवे काही आले का हे दर पाच मिनिटांनी विचारत बसण्यापेक्षा ‘सबस्क्रिप्शन’ची सोय शहाणपणाची आहे : सिंक झाले की फिटबिटच आपल्या सर्व्हरला निरोप धाडते. त्या निरोपात माहिती नसते, कोणाच्या खात्यात कोणत्या तारखेला बदल झाला एवढेच असते.

झोप : लायब्ररीचे वय इथे उघडे पडते. ती एपीआयच्या पहिल्या आवृत्तीशी बोलते आणि त्या आवृत्तीत प्रत्येक मिनिटाला झोप, चुळबुळ किंवा जाग यांपैकी एक शिक्का असतो. फिटबिटने २०१७ मध्ये हलकी झोप, गाढ झोप, स्वप्नांची झोप आणि जाग असे टप्पे दाखवायला सुरुवात केली, ते १.२ या आवृत्तीत मिळतात. ते हवे असतील तर लायब्ररीचे टोकन घेऊन पत्ता हाताने बनवावा लागतो. फोनवरच्या ॲपमधले झोपेचे आकडे आणि लायब्ररीने आणलेले आकडे जुळत नाहीत, ही तक्रार बहुधा इथून निघते. झोपेची तारीखही उठण्याच्या दिवसाची असते. शनिवारी रात्रीची झोप रविवारच्या नावावर जमा होते, आणि वीकेंडच्या जागरणाचा अभ्यास करणाऱ्याने हे विसरून चालत नाही. टप्पे झाले तरी ते हालचाल आणि ठोके यांवरून बांधलेले अंदाजच. मेंदूच्या लहरी मोजणाऱ्या निद्रातपासणीची जागा ते घेत नाहीत.

संशोधनात या प्रकारच्या माहितीचा वापर बराच आहे. २०१६ च्या मार्च ते मे या काळात सुमारे तीस जणांनी स्वेच्छेने दिलेल्या फिटबिट नोंदींचा एक संच खुला करण्यात आला. गूगलच्या डेटा-विश्लेषण अभ्यासक्रमामुळे तो जगभरच्या विद्यार्थ्यांच्या हाती गेला. इतक्या लहान गटावरून झोपेबद्दल सिद्धान्त मांडणारे प्रकल्प त्यातून भाराभर निघाले, हा संचाचा दोष म्हणता येणार नाही.

खासगीपणा आणि कायदा : २०११ मध्ये काही फिटबिट वापरणाऱ्यांनी नोंदवलेले लैंगिक व्यवहार शोधयंत्रात उघड दिसू लागले होते, कारण तेव्हा त्या नोंदी मुळातच सार्वजनिक ठेवल्या जात. गूगलच्या खरेदीला युरोपीय आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये मान्यता दिली ती अटींवर : युरोपातील वापरणाऱ्यांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातींसाठी वापरायची नाही, आणि वापरणाऱ्याची संमती असेल तर इतर ॲपना वेब एपीआयद्वारे ती मोफत मिळू द्यायची. दोन्ही अटी दहा वर्षांसाठी आहेत. म्हणजे या लायब्ररीसारख्या साधनांची वाट कंपनीच्या मर्जीबरोबरच एका नियामक आदेशानेही खुली राहिली.

भारतात २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे. व्यक्तीने स्वतःच्या किंवा घरगुती कामासाठी केलेली हाताळणी त्याच्या कक्षेबाहेर आहे, त्यामुळे स्वतःची पावले स्वतःच्या संगणकावर आणणाऱ्याला त्याची धास्ती नको. कर्मचाऱ्यांच्या पावलांची स्पर्धा लावणाऱ्या कंपनीची गोष्ट वेगळी. युरोपच्या कायद्यात आरोग्याच्या माहितीला खास वर्ग आहे; भारतीय कायद्याने तसा निराळा वर्ग केलेला नाही. टोकन ठेवलेली फाइल चुकून सार्वजनिक कोड-भांडारात चढवणे हा मात्र कोणत्याही कायद्याआधीचा धोका आहे. टोकन चालू असेपर्यंत ती फाइल ज्याच्या हाती पडेल त्याला आपली झोप वाचता येते.

इतर मार्ग : ॲपलच्या हेल्थकिटला (२०१४) अशी वेब-खिडकी नाही. माहिती फोनवरच राहते आणि फोनवरच्या ॲपलाच परवानगीने मिळते. पायथनकडे न्यायची तर हेल्थ ॲपमधून एक्सएमएल फाइल काढून ती वाचावी लागते. अँड्रॉइडवरचे हेल्थ कनेक्ट हे २०२२ मध्ये जाहीर झाले आणि तेही फोनवरच साठवण करते. गार्मिनची अधिकृत खिडकी मंजुरी मिळालेल्या संस्थांसाठी आहे, म्हणून हौशी लोक गार्मिनच्या संकेतस्थळावर स्वतःच्या नावाने लॉगिन करणाऱ्या अनधिकृत लायब्ररींवर भागवतात. त्या अधूनमधून बंद पडतात. फिटबिटपुरते बोलायचे तर पायथन-फिटबिट न वापरता ओऑथ सांभाळणाऱ्या सर्वसाधारण लायब्ररीने थेट वेब एपीआयशी बोलणे फारसे अवघड नाही, आणि रक्तातील प्राणवायू, श्वसनदर, त्वचेचे तापमान यांसाठी तर तोच रस्ता धरावा लागतो.