चुलीशेजारचा वैल



मागच्या बैठकीत हप्त्यांचा हिशेब राहिला बाजूला आणि बोलणं गेलं सिलिंडरच्या दरावर. आमच्या गटात गॅस बहुतेकींकडे आहे, पण चूल कुणीच मोडलेली नाही. चहा-भाजी गॅसवर, भाकरी आणि आंघोळीचं पाणी चुलीवर. म्हणून आज चुलीचा इतिहास सांगते.

माझ्या आजीच्या चुलीला शेजारी वैल होता. तव्याखालचा जाळ आतल्या भोकातून वैलाकडे जायचा. भाकऱ्या होईपर्यंत तिथं आमटी शिजायची, मग दूध तापायचं. वेगळी काटकी लागायची नाही. नुसत्या तीन दगडांच्या चुलीत शंभर रुपयांचं सरपण जाळलं, तर भांड्याला जेमतेम दहा रुपयांची ऊब मिळते, बाकी सगळी वाऱ्यावर. ही उधळपट्टी आपल्या आज्या-पणज्यांनी ओळखली होती. शिकवायला कुणी आलं नव्हतं.

पुढे १९३४ साली गांधीजींच्या पुढाकारानं अखिल भारत ग्रामोद्योग संघ निघाला. त्याचं काम वर्ध्याच्या मगनवाडीत चालायचं, जे. सी. कुमारप्पा ते पाहायचे. तिथं मगन चूल तयार झाली. एका जाळावर एकाहून जास्त भांडी आणि धूर बाहेर न्यायला धुराडं. म्हणजे आपला वैलच, फक्त धुराला वाट करून दिलेली.

१९८३ साली सरकारनं देशभर सुधारित चुलीचा कार्यक्रम सुरू केला. लाकूड वाचावं, जंगल टिकावं, बाईच्या डोळ्यांतलं पाणी थांबावं, हा हेतू चांगलाच होता. २००२ पर्यंत तीन कोटींहून जास्त चुली बसल्या. त्यातली एक माझ्या माहेरी होती.

ती बसवणारा माणूस आला, माप टाकलं, एका दुपारीत चूल बांधून गेला. आईला काहीच विचारलं नाही. चुलीचं तोंड एवढं अरुंद, की भाकरी फुगवायला निखाऱ्यापाशी उभी करायला जागाच नाही! तवा भोकावर नीट बसेना. मागच्या भोकावर भांडं नसलं की तिथूनच धूर घरात. धुराड्यातली काजळी काढायची असते, हे आम्हाला कळलं ते धुराडं तुंबल्यावर. दिवाळीच्या सारवणाआधी आईनं ती फोडली आणि जुनी बांधली. लोक म्हणाले, बायकांना सुधारणा नको असते. मला त्याचा अजून राग येतो. आईला धूर नकोच होता, पण तिला भाकरीही करायची होती.

२०१६ ला उज्ज्वला आली, धुराचा त्रास कमी झाला. पण भरलेलं सिलिंडर आणायचं तर रोख पैसे लागतात, आणि मजुरी नसलेल्या महिन्यात ते नसतात. तेव्हा चूल राहणारच. मग ती कमी सरपण खाणारी का नसावी?

आमच्या गटानं ठरवलंय, पावसाळ्याआधी एका घरी वैल आणि धुराडं असलेली चूल आपल्या हातानं बांधून बघायची. आठवडाभर जुन्या चुलीचं सरपण तोलून लिहायचं, मग आठवडाभर नव्या चुलीचं. पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं आपला तवा आणि रोजचं पातेलं घेऊन यायचं आहे. आधी त्यांचं माप घेऊ, मग माती कालवू.