मुक्त प्रणाली आणि तिचीं वाहनें

मुंबईहून हावड्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर तुमसर रोड हें स्थानक आहे. परंतु तेथें उतरलेला प्रवासी तुमसर गांवांत पोंचला असें होत नाहीं. गांव तेथून पुढें, तिरोडीकडे जाणाऱ्या फांट्यावर आहे. मुख्य मार्गावर गाड्या कितीहि धांवोत, शेवटच्या या थोड्या वाटेची सोय नसेल तर गांवाला त्यांचा लाभ नाहीं. ज्ञानाच्या प्रवासाचेंहि असेंच आहे, याचा पडताळा आम्हांस एका जुन्या संगणकाच्या निमित्तानें आला.

२००३ सालीं घेतलेला हा संगणक आमच्या तुमसरच्या घरीं माळ्यावर पडून होता. त्यावर विनामूल्य मिळणारी लिनक्स ही कार्यप्रणाली बसवावी व तो घरांतील मुलांस शिकण्यासाठीं द्यावा, असा आम्हीं बेत केला. प्रणाली इंटरनेटवरून घरबसल्या उतरवून घेतली आणि पेनड्राइव्हवर चढविली. पण यंत्रानें पेनड्राइव्हला ओळखच दिली नाहीं. संगणक सुरू होतांच त्यांतील बायॉस नांवाची छोटी आज्ञावली पुढील प्रणाली कोठून वाचावी हें ठरविते. आमच्या यंत्राच्या बायॉसला फ्लॉपी, हार्ड डिस्क आणि सीडी यांवांचून चौथा दरवाजा ठाऊकच नव्हता. तेव्हां या दरवाजांचा इतिहास पाहणें आम्हांस भाग पडलें.

लिनक्सची पूर्वज जी युनिक्स प्रणाली, तिचा जन्म १९६९ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांच्या हातून झाला. पुढें विद्यापीठांना ती चुंबकीय फितींवर मिळूं लागली. परंतु फीत वाचणारें अवजड यंत्र ज्या संस्थेच्या पदरीं असे, तिलाच तिचा उपयोग. १९९१ सालीं हेलसिंकी येथील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें युनिक्सच्या धर्तीवर लिनक्सचा गाभा लिहिला, आणि पुढच्याच वर्षीं कोणींहि त्याची नक्कल करून वांटावी अशी मुभा दिली. मुभा मिळाली, तरी नक्कल न्यावयाची कशावर? जुलै १९९३ मध्यें पॅट्रिक व्होल्करडिंग यांनीं स्लॅकवेअर नांवाचा जो संच प्रसिद्ध केला, तो चोवीस फ्लॉप्यांचा होता. एका फ्लॉपींत १.४४ मेगाबाइट मजकूर मावे. संगणक सुरू करणाऱ्या चकतींत तो नेहमींच्या फाइलीप्रमाणें टाकून चालत नसे. रॉराइटसारख्या आज्ञावलीनें मूळ प्रतिमा अक्षरशः जशीच्या तशी चकतीवर उमटवावी लागे. एखाद्या चकतीचा लहानसा भाग जरी बिघडला, तरी सारा खटाटोप अर्ध्यावर अडून राही.

आपल्याकडे १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट सुरू झालें, तें मोठ्या शहरांत आणि मंद गतीचें. लहान गांवीं हा संच उतरवून घेणें अशक्यच होतें. तेव्हां १९९६ च्या सुमारास ‘पीसी क्वेस्ट’ मासिकानें अंकाबरोबर लिनक्सची सीडी देण्यास आरंभ केला. या उपक्रमामागें अतुल चिटणीस यांची खटपट होती. बर्लिनमध्यें जन्मलेले चिटणीस बेळगांवांत अभियांत्रिकी शिकले होते; २०१३ सालीं ते निवर्तले. एका सीडींत साडेचारशें फ्लॉप्यांचा ऐवज मावतो. जो ऐवज दूरध्वनीच्या तारेवरून येऊं शकत नव्हता, तो मासिकाच्या अंकाबरोबर घरीं येऊं लागला. पुढें २००५ पासून २०११ पर्यंत उबुंटू प्रणालीच्या चालकांनीं मागेल त्याला टपालानें फुकट सीडी धाडल्या. गोव्यांत याच काळांत परदेशांतून दान आलेले जुने संगणक लिनक्स बसवून शाळांना देण्याचा उद्योग झाला. सारांश, प्रणाली मुक्त झाली ती परवान्यानें. पण ती लोकांच्या घरीं पोंचविली ती या चकत्यांनीं.

हें ध्यानीं येतांच आम्हीं पेनड्राइव्ह बाजूस ठेवून सीडी लिहिली. पहिली वायां गेली. कारण उतरवून घेतलेली फाइलच अपुरी होती. मूळ फाइलीबरोबर तिच्या मजकुरावरून काढलेली एक खूणसंख्या प्रसिद्ध केलेली असते. आपल्या प्रतीवरून तीच संख्या निघाली तरच प्रत शुद्ध समजावी. ही दक्षता आम्हीं घेतली नव्हती. नकलांत शिरलेले अपपाठ काढून एकनाथांनीं शके १५०६ मध्यें ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, हें अभिमानानें सांगणाऱ्या आम्हां मराठी माणसांकडून असा प्रमाद घडावा, याची लाज वाटली. दुसऱ्या खेपेस संख्या ताडून पाहिली, सीडी मंद गतीनें लिहिली, आणि यंत्र जागें झालें. पडद्यावरील सूचना मराठींतहि निवडतां येतात, हें पाहून मुलांना फार आनंद झाला.

या आनंदाला एक गालबोट आहे. आम्हीं बसविली ती डेबियनची २०२३ सालची आवृत्ती. ऑगस्ट २०२५ मध्यें निघालेल्या पुढील आवृत्तींत अशा बत्तीस-बिटी संगणकांसाठीं स्थापनेची प्रतिमाच दिलेली नाहीं. जुन्या यंत्रांचा भार किती काळ वाहावा, हा स्वयंसेवकांपुढचा प्रश्न खरा आहे, आणि त्यांस दोष देण्याचा आम्हांस अधिकार नाहीं. नेटबीएसडीसारख्या कांहीं प्रणाली अद्यापि असा संगणक सांभाळतात. पण हे आश्रय कमी होत चालले आहेत.

म्हणून ज्या वाचकांच्या घरीं असें यंत्र असेल, त्यांनीं तें भंगारांत देण्यापूर्वीं एवढें करावें: त्याला जो दरवाजा ठाऊक आहे त्यांतून जाईल अशी एक प्रत तयार करावी, ती ताडून पाहावी आणि तिची खूणसंख्या लिहून यंत्रापाशींच ठेवावी. नक्कल करण्याचा हक्क आपणांस दुसऱ्यांनीं दिला आहे. ती जपून ठेवण्याचें काम मात्र ज्याचें त्यानेंच करावयाचें आहे.