तेकिजुकूच्या माडीवर

डोळे उघडा. पाठीखाली नाव डुलतेय आणि शेजारचा व्यापारी तुमच्या खांद्यावर डोकं टाकून घोरतोय. अंगाला अंग लागून तीसेक माणसं झोपली आहेत. फुशिमीहून संध्याकाळी सुटलेली ही नाव योदो नदीच्या ओढीबरोबर ओसाकाकडे निघालीय. तुम्ही चाललाय डच शिकायला आणि डच पुस्तकांतून वैद्यक शिकायला. काळ 1850च्या दशकातला.

हिराकाताजवळ अंधारातून कुणीतरी खेकसतं. खायचंय की नाही, उठा! छोट्या होड्या येऊन नावेला चिकटतात, त्यात चुलीची धग, साके, तांदळाच्या चिकट मोची आणि गोबोच्या मुळांचं वाफाळतं सार. गिऱ्हाइकावर असं डाफरणं ही इथल्या होडीवाल्यांची जुनी रीत आहे, तेव्हा रागावू नका, वाटी हातात घ्या. मुळांना ओल्या मातीचा वास आहे. नदीवरच्या गारठ्यात पहिला घोट घशाखाली उतरतो आणि झोप उडते.

पहाटे हाचिकेनयाच्या धक्क्यावर उतरा आणि किनाऱ्याने पश्चिमेला चालू लागा. दोशोमाचीच्या बाजूने वारा आला तर थांबून श्वास घ्या. तिथे औषधांचे घाऊक व्यापारी बसतात. वाळलेल्या साली, मुळं, ज्येष्ठमध, दालचिनी, सगळ्यांचा मिळून एक कडूगोड दर्प येतो. मग या लाकडी घरापाशी. हे तेकिजुकू, ओगाता कोआन या वैद्यांची शाळा. सरळसोट जिन्याने वर चढा.

वर घामाचा आणि शाईचा वास आहे, आणि कपडे जवळजवळ कुणाच्याच अंगावर नाहीत. ओसाकाचा उन्हाळा असा की पोरं लंगोटसुद्धा काढून बसतात. गुरुजींसमोर जायचं झालं की उघड्या अंगावर वरचा हाओरी तेवढा चढवतात. लाजू नका, तासाभरात तुम्हीही तेच कराल. माणशी एकच तातामी चटई. तिच्यावरच तुमचं मेज, अंथरूण आणि संसार. नवखे म्हणून तुमच्या वाट्याला भिंतीकडची जागा येणार, जिथे दुपारीही दिवा लावावा लागतो. किंवा येण्या-जाण्याच्या वाटेवरची, जिथे रात्री कुणीतरी पोटावर पाय देऊन जातं. चांगली जागा हवी असेल तर अभ्यासात वर चढा, दुसरा मार्ग नाही.

जेवायला खाली चला. आज काय आहे ते तारखेच्या शेवटच्या आकड्यावरून कळतं. 1 किंवा 6 असेल तर कांद्याची पात आणि रताळी, 3 किंवा 8 असेल तर बारीक तिसऱ्यांचं सार, 5 किंवा 0 असेल तर तोफूचं. बसायला जागाच नाही. फळ्यांच्या जमिनीवर उघडेबंब विद्यार्थी उभ्यानेच भात ओढतात, भांडी आपटतात, ओरडतात. तिसऱ्यांचं खारट सार वाडग्यालाच तोंड लावून प्या. ते छान आहे, पण दुसऱ्यांदा मिळेल या भरवशावर राहू नका.

रात्री मात्र सगळ्यांचे पाय एकाच खोलीकडे वळतात. तिथे डच-जपानी कोश आहे. देजिमा बेटावरच्या डच वखारीचा एकेकाळचा प्रमुख हेंद्रिक दूफ याने हाल्माच्या कोशावरून जपानी दुभाष्यांना हाताशी धरून बेतलेला, सुमारे 3000 पानांचा, हाताने उतरवलेला. तो खोलीबाहेर न्यायचा नाही. महिन्यात सहा वेळा वाचनाची परीक्षा असते. वाट्याला आलेल्या ओळींचा अर्थ ज्याचा त्याने लावायचा, विचारायला कुणाकडे जायचं नाही. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री ही खोली विझत नाही. दिव्याच्या तेलाचा धूर डोळ्यांत जातो, पिसाच्या लेखण्या कुरकुरतात, पाच-सहा डोकी एका पानावर वाकलेली असतात. असं शिकणं मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही. इथून बाहेर पडून नोकरी मिळेल की नाही, हा प्रश्नसुद्धा कुणी काढत नाही.

परीक्षा संपली की नानिवा पुलाकडे. गोमांसाचं रटरटतं भांडं मिळणारी ओसाकात दोनच दुकानं, त्यातलं एक इथे. भली माणसं इकडे फिरकत नाहीत. गिऱ्हाईक म्हणजे अंगभर गोंदलेले गावगुंड आणि तेकिजुकूची पोरं. मांस चामट आहे, त्याला उग्र वास येतो, आणि जनावर मारलं होतं की आपणच मेलं होतं, कुणी सांगत नाही. पण भात, साके आणि मांस एवढ्या स्वस्तात दुसरीकडे मिळत नाही. फुकुझावा नावाचा एक उंच गडी सारखा तुमचं भांडं भरतोय. पुढे सारा जपान युकिची फुकुझावाला ओळखेल, आज तो तुमच्यासारखाच भुकेला आहे.

दुकानदाराने डुक्कर विकत आणलंय, पण मारायचा धीर होत नाही. वैद्यकीची मुलं म्हणून तो तुम्हालाच गळ घालतो. डुकराचे पाय बांधून त्याला पाण्यात बुडवतात. मोबदला म्हणून डोकं मिळतं. माडीवर कुऱ्हाडीने ते उघडतात आणि गोंगाट एकदम थांबतो. मेंदू कुठे कसा बसलाय, डोळ्यामागची नस कुठे जाते, पुस्तकातलं चित्र शेजारी धरून जो तो बोटाने दाखवतोय. बघून झालं की तेच डोकं चुलीवर चढतं. चरबीचा वास जिन्याने वर येतो.

तेवढ्यात कुणीतरी हाक मारतं, कोश मोकळा झालाय. पळा. मांस तुमच्यासाठी राखून ठेवतील की नाही, सांगता येत नाही. पण कोशावरची जागा नक्कीच कुणी राखणार नाही.