आधी इंजिन की आधी रूळ? टर्बो गाडीचा प्रश्न आणि शकुंतलेचा इतिहास

टर्बो गाडी घेतली की वर्षभरात एक प्रश्न हमखास पडतो. गाडी आणखी पळवायची तर आधी काय बदलायचं? ईसीयूचा मॅप, इंटरकूलर, एक्झॉस्ट, ब्रेक, टायर, की थेट मोठा टर्बो? खिशात पैसे एकाच कामापुरते असतात, म्हणून क्रम ठरवावाच लागतो.

राजेहो, हा प्रश्न फक्त गॅरेजचा नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासात तो पावलोपावली भेटतो. ‘अमुक साली सुधारणा झाली’ एवढं लिहून आपण बहुतेक वेळा थांबतो. हीच सुधारणा आधी का झाली आणि दुसरी मागे का राहिली, हे विचारत नाही. पेटची तयारी करताना विषय सापडत नसेल, तर या ‘आधी का?’मध्ये एक अख्खा सिनॉप्सिस दडलेला असू शकतो. आपल्या वऱ्हाडातलं एक उदाहरण घेऊन ते पाहू.

आधी टर्बोचं गणित

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूत बरीच ऊर्जा वाया जाते. त्या वायूने एक चाक फिरवायचं आणि त्याच दांड्यावरच्या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची, ही टर्बोची कल्पना. स्विस अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये तिचं पेटंट घेतलं. विक्रीच्या मोटारींत ती १९६२ मध्ये अमेरिकेत आली, ओल्डस्मोबिल जेटफायर आणि शेव्हरोले कॉर्व्हेर या गाड्यांमधून.

हवा दाबली की तापते आणि तापलेली हवा विरळ होते, म्हणून मध्ये इंटरकूलर लागतो. आता आपला उन्हाळा बघा. अकोल्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. १५ अंशांच्या हवेच्या तुलनेत ४५ अंशांची हवा सुमारे ९ टक्के विरळ असते. युरोपातल्या माणसाने सांगितलेला क्रम अकोल्याच्या मे महिन्यात जसाच्या तसा चालेलच असं नाही. इथे बूस्ट वाढवण्याआधी कूलंट, रेडिएटर, इंटरकूलर आणि होजची गळती तपासणं जास्त मोलाचं.

ब्रेकचंही तसंच. वेग ८० वरून १०० झाला तर तो सव्वा पटच वाढला असं वाटतं, पण थांबवायची ऊर्जा दीड पटीहून जास्त होते. ताकद वाढली आणि ब्रेक-टायर तेच राहिले, तर ती ताकद वापरताच येत नाही. म्हणजे क्रम ठरवताना प्रश्न ‘सगळ्यात जास्त ताकद कशाने मिळेल?’ हा नाही, तर ‘आत्ता गाडीला कोण अडवून धरतंय?’ हा आहे.

शकुंतला: इंजिन बदललं, रूळ तेच

मुंबई-नागपूर मुख्य मार्ग १८६७ मध्ये नागपूरला पोचला. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळापासून लँकेशायरच्या गिरण्यांचं लक्ष वऱ्हाडच्या कापसावर होतंच. मुख्य मार्गापासून दूर असलेला कापूस स्टेशनावर आणण्यासाठी फाटे हवे होते. त्यासाठी किलिक निक्सन कंपनीने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी उभी केली. तिने अकोला जिल्ह्यातलं मूर्तिजापूर मध्ये धरून एका बाजूला यवतमाळ (सुमारे ११३ किमी) आणि दुसऱ्या बाजूला अचलपूर (सुमारे ७६ किमी) असा २ फूट ६ इंचांचा नॅरोगेज मार्ग टाकला. तीच आपली शकुंतला.

नॅरोगेज का? कारण तो स्वस्त पडतो. रूळ हलके, पूल लहान, जमीन कमी. पण ही बचत फुकटची नव्हती. मुख्य मार्ग ब्रॉडगेज असल्यामुळे कापसाची प्रत्येक गाठ मूर्तिजापूरला उतरवून पुन्हा चढवावी लागे. पहिल्या दिवसापासून या मार्गाला अडवणाऱ्या दोन गोष्टी ठरून गेल्या: हलके रूळ आणि गेजची अदलाबदल.

१९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून या मार्गावर धावू लागलं. ते १५ एप्रिल १९९४ रोजी निवृत्त झालं आणि त्याच्या जागी डिझेल इंजिन आलं. सत्तर वर्षांनंतरची ही सगळ्यात मोठी सुधारणा. पण गाडीचा वेग? जुन्या रुळांमुळे तो पुढेही ताशी २० किमीच्या आसपासच ठेवावा लागला. यवतमाळ ते मूर्तिजापूर न थांबता गेलं, तरी या वेगाने साडेपाच तासांहून जास्त लागतात. वेगापुरतं बोलायचं तर मोठा टर्बो बसवला आणि टायर गुळगुळीतच ठेवले, असा हा प्रकार.

मग इंजिन आधी का?

इथे ‘रेल्वेला अक्कल नव्हती’ असं लिहिणं सोपं आहे, पण ते संशोधन नव्हे. दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा.

पहिली, मालकी. १९५१-५२ च्या सुमारास देशातल्या रेल्वेची फेररचना झाली, तरी हा मार्ग कंपनीच्याच नावावर राहिला. गाड्या चालवायची सरकारी रेल्वे, रूळ कंपनीचे. रेल्वेला स्वतःच्या हातात असलेलं बदलता येत होतं, म्हणजे इंजिन. दुसऱ्याच्या मालकीच्या रुळांत पैसा कोण ओतणार? (‘ब्रिटिशांची शेवटची रेल्वे’ हे वाक्य लिहितानाही जपून. किलिक निक्सन मुंबईची कंपनी होती आणि स्वातंत्र्यानंतर ती भारतीय हातांत गेली.)

दुसरी, काळ. नव्वदच्या दशकात देशभर वाफेची इंजिनं हटवली जात होती. ब्रॉडगेजवरची नियमित वाफेची गाडीही १९९५ मध्ये संपली. म्हणजे १९९४ चा निर्णय शकुंतलेची गरज मोजून झाला असेल, त्यापेक्षा देशभरच्या धोरणाच्या ओघात झाला असण्याची शक्यता जास्त. हे माझं गृहीतक आहे, आणि ते कागदपत्रांवर तपासता येईल असं आहे. गृहीतक असंच असावं.

अकोल्याहूनच निघणारा दुसरा मार्ग या गृहीतकाची परीक्षा घ्यायला बरा आहे. अकोला-खंडवा मीटरगेजवर वायडीएम-४ डिझेल इंजिनं धावत. सहा सिलिंडर, टर्बोचार्जर, ताकद सुमारे १,४०० अश्वशक्ती. हा मार्ग सरकारी रेल्वेचाच, त्यामुळे मालकीची अडचण नाही. तरीही मेळघाटच्या टप्प्यात गेज बदलणं अडलं, कारण तिथे व्याघ्र प्रकल्प आहे. अकोला ते अकोट ब्रॉडगेज झालं, पुढचं रखडलं. म्हणजे मालकी हे एकच कारण पुरत नाही. रूळ जमिनीला बांधलेले असतात. त्यांना हात लावला की जमीन, जंगल, कायदा, निधी सगळे बोलू लागतात. इंजिन मात्र शेडमध्ये नेऊन बदलता येतं. सोपी सुधारणा आधी होते, गरजेची मागे राहते. मूळ गृहीतक असं दुरुस्त झालं की तुलना कामी आली म्हणायचं.

तुमच्यासाठी

कोणत्याही सुधारणेचा इतिहास लिहिताना चार प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. अडवणारा भाग कोणता होता? बदलला कोणता? बदललेला भाग कोणाच्या मालकीचा होता? आणि उरलेल्या भागाची किंमत कोणी मोजली?

साधनं निवडतानाही काळ बघा. अकोला आणि अमरावतीची इंग्रजकालीन गॅझेटियर अनुक्रमे १९१० आणि १९११ ची, म्हणजे शकुंतलेची खरी कहाणी सुरू होण्याआधीची. त्यांत कापूस, बाजार आणि रस्ते मिळतील. धावत्या गाडीसाठी महाराष्ट्र सरकारची १९६८ (अमरावती) आणि १९७७ (अकोला) ची गॅझेटियर, रेल्वेची वेळापत्रकं आणि स्थानिक वर्तमानपत्रं उघडा.

गाडीवाल्यांनाही हेच चार प्रश्न लागू पडतात. फक्त तिसऱ्यात एक भर: गाडी तुमची असली, तरी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही. म्हणून आधी देखभाल, मग टायर आणि ब्रेक, मग कूलिंग, आणि ताकद त्यानंतर, तीही कायद्यात बसेल तेवढीच.

चौथा प्रश्न सगळ्यात जड आहे. शकुंतलेच्या बाबतीत त्याचं उत्तर कंपनीच्या किंवा रेल्वेच्या हिशेबात सापडणार नाही. गेल्या दशकात गाडी थांबली, तेव्हा एसटीचं तिकीट परवडत नसलेल्या माणसांनी ती किंमत मोजली. मूर्तिजापूर, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर, कारंजा, दारव्हा इथे ती माणसं अजून आहेत. त्यांच्या मुलाखती अजून घेता येतात. इंजिनाच्या तारखा नंतरही मिळतील, राजेहो. कामाचा क्रम तुम्हालाही ठरवायचाच आहे, तर आधी त्यांच्याकडे जा.