चोंग आ फी
(१८६०–४ फेब्रुवारी १९२१). डच ईस्ट इंडीजमधील देली (ईशान्य सुमात्रा) या मळेप्रदेशात उदयास आलेला धनाढ्य चिनी व्यापारी. जन्म दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतात मेशिएन येथे, एका सामान्य हक्का कुटुंबात. थोरला भाऊ चोंग योंग हियान याच्या मागोमाग तो तरुणपणी देलीत आला.

याकोबस नीनहाउस या डच व्यापाऱ्याने १८६३ मध्ये देलीत तंबाखूची लागवड सुरू केली. तेथील पातळ पान चिरुटाच्या बाह्य वेष्टनास उत्कृष्ट ठरल्याने यूरोपात त्यास मोठी मागणी आली आणि जंगले तोडून मळे झपाट्याने वाढले. प्रारंभी मजूर मुख्यतः चीनमधून आणीत. १८८० च्या मजूरविषयक अध्यादेशाने करारभंग हा शिक्षापात्र गुन्हा ठरविला. मजूर उचलीच्या कर्जात अडके, आणि हाती उरलेला पैसा बव्हंशी अफू व जुगार यांत जाई. कर्ज फिटले नाही, की पुन्हा नवा करार.

चोंगच्या उत्कर्षाचे श्रेय सामान्यतः त्याच्या काटकसरीला व सचोटीला दिले जाते. हे गुण त्याच्या अंगी असतीलही. परंतु संपत्तीचा पाया वेगळा होता. अफूविक्री, जुगारगृहे व गहाणवटीची दुकाने यांचे हक्क डच सरकार मक्त्याने देई आणि या मक्त्यांत दोघा भावांचा मोठा वाटा होता. मजुराच्या घामाचा पैसा अशा रीतीने मक्तेदाराकडे व मक्त्याच्या रकमेतून सरकारकडे जाई. या भांडवलावर चोंगने पुढे घरे-जमिनी व स्वतःचे मळे घेतले. मेदान येथील वकील व्हान डेन ब्रांड याने १९०२ मध्ये एका पुस्तिकेद्वारे मळ्यांवरील अत्याचार उघडकीस आणले. त्यानंतरचा सरकारी चौकशी अहवाल मात्र १९८७ पर्यंत अप्रकाशितच राहिला.

चिनी समाजाचा कारभार त्यांच्यातीलच मान्यवरांकडे सोपवून त्यांना लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर असे हुद्दे देण्याची डचांची पद्धत होती. १९११ मध्ये भाऊ वारल्यावर मेजरपद चोंगकडे आले. देलीच्या सुलतानाशी त्याचे स्नेहाचे संबंध होते. मेदानच्या मोठ्या मशिदीस (१९०६–०९) त्याने भरघोस देणगी दिली. चीनमधील चाओजो–स्वाताव लोहमार्गात (१९०६) दोघा भावांनी भांडवल गुंतविले. मृत्युपत्रान्वये त्याने गरजूंना वंशभेद न मानता साहाय्य करणारा न्यास स्थापिला. मेदानमधील केसावान रस्त्यावरील त्याचा वाडा २००९ मध्ये संग्रहालय म्हणून खुला झाला.